खेळाच्या चित्रीकरणासाठी कॅमकॉर्डर घेताना : आधी मैदान मोजा, मग दुकानात जा

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. जुम्याची नमाज आणि जेवणे आटोपली की मोहल्ल्यामोहल्ल्यातील मुले मैदानाची वाट धरतात. टेनिस बॉलचे क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, जे मैदान मिळेल तो खेळ. पूर्वी हे सामने खेळले जात आणि दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले की विसरले जात. आता प्रत्येक संघाला आपल्या सामन्याचे चित्रीकरण हवे असते. २०२४ साली ठाण्यात टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हापासून तर गल्लीतल्या गोलंदाजालाही आपला चेंडू कुणीतरी जाणत्याने पाहावा असे वाटू लागले आहे. त्यात गैर काही नाही.

आमच्या मोहल्ल्यातील क्रीडा मंडळाचा मी खजिनदार आहे. २०२२ साली मंडळाने कॅमेऱ्यासाठी चंदा गोळा केला आणि ९५ हजार रुपये जमले. त्यात दहा हजार देणारे सूत व्यापारी होते, तसे आठवड्याच्या पगारातून पन्नास रुपये काढून देणारे माग कामगारही होते. चंद्याचा पैसा ही अमानत असते, हे वाचकांना मी सांगायला नको. त्या अमानतीतले ७८ हजार मी एका चुकीच्या खरेदीत घातले. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने नमुना न पाहता माल उचलावा, ही शरमेची गोष्ट आहे. पण हल्ली इतर मंडळांचे आणि शाळांचे लोक कॅमकॉर्डर घेण्यापूर्वी सल्ला विचारायला माझ्याच दुकानात येतात, तेव्हा झाले ते सर्व एकदा लिहून टाकावे हे बरे.

झाले असे की एका सदस्याचे नातेवाईक अमेरिकेतून येणार होते. तिकडे माल स्वस्त आणि अस्सल मिळतो, अशी आपल्याकडे समजूत आहेच. कॅमकॉर्डर आला. मोठ्या कंपनीचा, ४के चित्रीकरणाचा, २० पट झूमचा. दिवसा त्याचे चित्र पाहून सगळे खूश झाले. मग रात्रीच्या प्रकाशझोतातील स्पर्धा आली. अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात धावचीतचा वाद झाला. दोन्ही कर्णधारांनी सामन्यापूर्वीच कबूल केले होते की वाद झाल्यास पंच आमचा कॅमेरा पाहतील. कॅमेरा पाहिला तर चित्र धडधडत होते. क्षणात उजळ, क्षणात काळवंडलेले, आणि मधून काळे पट्टे सरकत होते. यष्ट्या पडल्या त्या क्षणाची चौकट नेमकी काळवंडलेली. एक मुलगा म्हणाला, "चाचा, लाइट उडतेय की कॅमेरा?" मला उत्तर आले नाही. पंचांनी आपल्या समजुतीने निर्णय दिला आणि हरलेला संघ आमच्या मंडळावर आजही नाराज आहे.

कारण पुढे कळले. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची. तिकडच्या घरगुती कॅमकॉर्डरची फ्रेमची गती ३० किंवा ६० ठेवलेली असते आणि बऱ्याच मॉडेलांत ती बदलता येत नाही. असा कॅमेरा आपोआप साठाव्या भागाच्या शटरवर जातो, आणि आपल्या दिव्याच्या उजेडाशी त्याचे गणित जुळत नाही. कुठल्या फ्रेमला उजेड जास्त मिळतो, कुठल्या फ्रेमला कमी. शटर १/५० किंवा १/१०० वर हाताने बांधून ठेवले, तर प्रत्येक फ्रेमला उजेडाचे पूर्ण माप मिळते आणि धडधड बरीचशी थांबते. म्हणजे इलाज त्याच कॅमेऱ्यात होता! पण ही गोष्ट एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने मला सांगितली, तोवर मी तो कॅमेरा ४८ हजारांना विकून मोकळा झालो होतो. ३० हजारांचा तोटा मी माझ्या खात्यावर टाकला. मंडळाचे लोक नको म्हणाले, पण हिशेबाच्या वहीत तो आकडा मला बघवत नव्हता.

लेबल आणि पन्हा

दुसऱ्यांदा खरेदी करताना मी दुकानात न जाता आधी मैदानात गेलो. दुकानातली मोठी मीटरपट्टी घेऊन मुलांसोबत अंतरे मोजली. ग्राहक आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही पहिला प्रश्न काय विचारतो? कपडा कशासाठी हवा, आणि पन्हा किती. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. भिंगालाही पन्हा असतो.

हिशेब सोपा आहे. माहितीपत्रकात भिंगाचा आकडा "३५ मिमीच्या तुलनेत" म्हणून दिलेला असतो. ३६ ला त्या आकड्याने भागा आणि अंतराने गुणा, म्हणजे तितक्या अंतरावर किती रुंदीचे दृश्य मावते ते निघते. २७ मिमीचे भिंग असेल तर १० मीटरवरून सुमारे १३ मीटर रुंदी मावते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. म्हणून कबड्डीसाठी कॅमेरा जवळच्या रेषेपासून निदान १० मीटर मागे हवा. शाळेच्या सभागृहात इतकी जागाच नसेल तर तिथे झूम कितीही पट असो, काही कामाचा नाही. तिथे रुंद पन्ह्याचे भिंग पाहिजे.

क्रिकेटची गोष्ट उलट. आमच्या मैदानात गोलंदाजाच्या मागे, सीमारेषेबाहेर कॅमेरा ठेवला तर फलंदाजाच्या यष्ट्या ८० मीटरवर येतात. आता मोबाईलचा विचार करा, कारण प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतोच की मोबाईल असताना कॅमकॉर्डर कशाला. मोबाईलचे मुख्य भिंग २५ मिमीच्या आसपास असते. ८० मीटरवर त्यात ११५ मीटर रुंदीचे दृश्य मावते. टेनिस बॉलचा व्यास साडेसहा सेंटिमीटर. फुल एचडी चित्र रुंदीला १९२० ठिपक्यांचे असते. भागाकार केला तर त्या चित्रात चेंडू एका ठिपक्याएवढा येतो. एक ठिपका! महागड्या मोबाईलचे पाचपट भिंग लावले तर पाच ठिपके. कॅमकॉर्डरचा २० पट झूम पूर्ण ओढला तर दृश्याची रुंदी सव्वापाच मीटर होते आणि चेंडू तेवीस-चोवीस ठिपक्यांचा दिसतो. एवढा चेंडू कुठे टप्पा पडला ते प्रशिक्षकाला दाखवता येते.

येथे झूम म्हणजे ऑप्टिकल झूम, जो भिंगाच्या हालचालीने होतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत २५० पट, ३५० पट असे डिजिटल झूमचे आकडे छापलेले असतात. ते निव्वळ चित्र कापून ताणणे आहे. मेगापिक्सेलचेही तसेच. आमच्या धंद्यात लेबलावर काउंट छापणारे पुष्कळ आहेत, कपडा धुतल्यावर खरा काउंट कळतो.

वेग, उजेड आणि ४के चा मोह

खेळात फ्रेमची गती ४के पेक्षा मोलाची आहे, असे माझे पक्के मत झाले आहे. धावणारा फलंदाज सेकंदाला सहा मीटर जातो असे धरले, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात दोन फ्रेममध्ये तो २४ सेंटिमीटर पुढे सरकतो. ५० फ्रेममध्ये १२ सेंटिमीटर. धावचीतचा फैसला याच फरकात असतो. उदाहरणार्थ, २०१६ साली आलेला सोनीचा एफडीआर-एएक्स५३ घ्या. २० पट ऑप्टिकल झूम, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारे उत्तम भिंग, डोळा लावून पाहण्याचे व्ह्यूफाइंडर, सर्व काही. पण आपल्याकडच्या मॉडेलात ४के मध्ये तो २५ फ्रेमच घेतो, फुल एचडीत मात्र ५०. असा कॅमेरा असेल तर खेळासाठी ४के विसरून फुल एचडी ५० वर ठेवावा. ४के मध्येच ५० किंवा ६० फ्रेम हव्या असतील तर पॅनासोनिकचा एचसी-एक्स१५०० (२०२०, २४ पट झूम) अशा वरच्या वर्गात जावे लागते आणि किंमतही तशीच वर जाते. खालच्या टोकाला सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ (२०१५) होता. ३० पट झूम, फुल एचडी, हलका आणि स्वस्त. दिवसाच्या सामन्याला तो पुरे. पण त्यात बाहेरचा माइक जोडायची सोय नव्हती आणि सेन्सर अगदी लहान होता, म्हणून दिवे लागल्यावर चित्रात दाणे दिसू लागत.

शटरचेही गणित लक्षात ठेवावे. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ५५ सेंटिमीटर जातो. म्हणजे १/५० शटरवर चेंडू न दिसता चेंडूची रेघ दिसेल. दिवसा १/५०० ठेवावे, तेव्हा ती रेघ साडेपाच सेंटिमीटरची होते आणि चेंडू गोल दिसतो. रात्री मात्र ही चैन करता येत नाही. उजेड कमी, शिवाय दिव्यांची ती भानगड. म्हणून ज्या कॅमकॉर्डरमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही तो आमच्यासारख्यांनी घेऊ नये. दुकानदाराला हा एक प्रश्न जरूर विचारावा आणि त्याने "सब ऑटोमॅटिक है" असे उत्तर दिले तर दुसरे दुकान पाहावे.

साध्या फोटोच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करू पाहणाऱ्यांनाही एक सूचना. अशा कित्येक कॅमेऱ्यांत चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप बंद पडायचे. युरोपात सलग अर्धा तास किंवा जास्त चित्रीकरण करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून वेगळी जकात लागत असे, ती चुकवण्यासाठी कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. नव्या मॉडेलांत ती बहुधा नसते, पण जुना कॅमेरा कुणाकडून घेत असाल तर विचारून घ्या. फुटबॉलचा एक हाफ ४५ मिनिटांचा असतो.

उष्णतेचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही. बहुतेक कॅमकॉर्डरच्या पुस्तिकेत ० ते ४० अंश तापमानात वापरावा असे लिहिलेले असते. मे महिन्यात आमचे मालेगाव ४० वर थांबत नाही. आम्ही कॅमेऱ्यावर छत्री बांधतो आणि पांढऱ्या सुती कापडाचे खोळ घालतो, भिंग आणि मागचा पडदा मोकळा ठेवून. पॉलिस्टरचे खोळ घालू नये, आतली गरमी आतच राहते. कापडातला माणूस म्हणून एवढे तरी मी खात्रीने सांगू शकतो.

बिल, हप्ता आणि कर

आता पैशाकडे येतो. दुसऱ्या वेळी, २०२३ साली, आम्ही नवा कॅमकॉर्डर भारतीय बिलावर, भारतीय वॉरंटीचा, ६८ हजारांना घेतला. तिपाई १४ हजार ५०० ची, जादा बॅटरी ५ हजार ५००, दोन कार्डे ३ हजार ६००. एकूण ९१ हजार ६००. तिपाईवर एवढा खर्च पाहून बैठकीत कुरबुर झाली. पण २० पट झूमवर साधी तिपाई नुसत्या वाऱ्याने थरथरते आणि कॅमेरा फिरवताना झटके बसतात. तेल भरलेल्या डोक्याची, म्हणजे ज्याला फ्लुइड हेड म्हणतात ती तिपाईच घ्यावी. कॅमेरा पुढे बदलेल, तिपाई राहील.

घेण्याऐवजी भाड्याने आणावा का, हाही हिशेब केला होता. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने दिवसाचे १,५०० रुपये सांगितले. ९१ हजार ६०० म्हणजे ६१ दिवसांचे भाडे. पावसाळा आणि सणवार वगळून आमचे वर्षाला ३५ शुक्रवार खेळाचे होतात, म्हणजे दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. ज्यांचे वर्षातून एकच स्पर्धा भरवण्याचे काम आहे त्यांनी खुशाल भाड्याने आणावा आणि भांडवल धंद्यात ठेवावे.

दुकानात "नो कॉस्ट ईएमआय" ची पाटी हमखास असते. आपल्या बंधूंनी ती नीट समजून घ्यावी. शून्य व्याजाच्या हप्त्याला रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच हरकत घेतली आहे. क्रेडिट कार्डावर प्रत्यक्षात घडते ते असे : बँक व्याज लावतेच, आणि विक्रेता तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून आधी कमी करतो. कार्डाच्या विवरणात व्याज वेगळे दिसते आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्याच अंगावर पडतो. हा व्यवहार जायज की नाजायज, हे सांगण्याचा अधिकार उलेमांचा आहे, माझा नाही. पण त्यांना विचारताना "व्याज नसते" असे सांगून विचारू नका, पूर्ण हकीकत सांगा. आम्ही चंद्याची रक्कम धनादेशाने एकरकमी दिली आणि रोखीचे म्हणून बाराशे रुपये सुटले, ते वरच्या किमतीत धरलेलेच आहेत.

व्हिडिओ कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. काही व्यापारी मित्र सुचवतात की फर्मच्या नावाने बिल करा, कराची वजावट घ्या आणि कॅमेरा मंडळाला देऊन टाका. असे करू नये. भेट म्हणून दिलेल्या मालावर इनपुट क्रेडिट मिळत नाही, कायद्यात तसे स्पष्ट कलम आहे. मंडळाच्या नावानेच बिल करावे. वॉरंटीसाठीही ते बरे, आणि उद्या खजिनदार बदलला तर कॅमेरा कुणाचा यावर वाद होत नाही.

कार्डाबाबत थोडे. ताशी किती जागा लागेल हे काढणे सोपे आहे. पुस्तिकेत "५० एमबीपीएस" लिहिले असेल तर तासाला साडेबावीस जीबी. "१००" असेल तर ४५ जीबी. व्ही३० लिहिलेले अस्सल कार्ड कुठल्याही घरगुती कॅमकॉर्डरला पुरते. स्वस्त नकली कार्डात लिहिलेली जागाच नसते. नवे कार्ड आणले की ते पूर्ण भरेपर्यंत घरी एकदा चित्रीकरण करून पाहावे, सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा डब्यातून काढू नये. बॅटरी आम्ही मगरिबच्या वेळी बदलतो. नमाजसाठी खेळ थांबतोच, तेवढ्यात भिंगही पुसून होते.

मुलांना दोन गोष्टी शिकवाव्या लागल्या. एक, कॅमेरा तिपाईवर असताना चित्र स्थिर करणारी सोय बंद ठेवायची, नाहीतर फिरवणे थांबवल्यावरही चित्र क्षणभर सरकत राहते. दुसरी, फोकस. जाळीच्या मागून चित्रीकरण केले तर ऑटोफोकस जाळीलाच पकडतो आणि खेळाडू धूसर होतात. खेळपट्टी काही जागची हलत नाही, म्हणून यष्ट्यांवर एकदा फोकस बांधून टाकायचा. शाळेतल्या मुलामुलींचे सामने असतील तर पालकांना आधी विचारल्याशिवाय कॅमेरा लावायचा नाही आणि चित्रफीत कुणाच्या मोबाईलवर द्यायची नाही, हा नियम मंडळाच्या वहीत लिहून ठेवला आहे.

आणि धावचीत? गोलंदाजाच्या मागच्या कॅमेऱ्याने धावचीत ठरत नाही, त्याला क्रीजच्या रेषेत, बाजूने पाहणारा कॅमेरा लागतो. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही होत नाही. म्हणून आता साखळी सामन्यांत आमचा कॅमेरा मागे असतो, गोलंदाजी आणि फलंदाजी शिकण्यासाठी, आणि अंतिम सामन्यात बाजूला, शटर १/१०० वर बांधून. गेल्या स्पर्धेत तोच नाराज संघ पुन्हा अंतिम फेरीत आला होता. त्यांचा कर्णधार नाणेफेकीपूर्वी माझ्याकडे आला, पडद्यावर दिव्याखालचे चित्र दोन मिनिटे पाहत उभा राहिला आणि मग म्हणाला, "ठीक आहे चाचा, लावा." मंडळाच्या खात्यात ३ हजार ४०० रुपये शिल्लक आहेत. माइक घ्यावा की पावसाळ्यासाठी हवाबंद पेटी, यावर येत्या शुक्रवारी बैठक आहे.